भिंतीवरचा चौक, साडीवरची नक्षी

पालघर जिल्ह्यातील वारली लग्नघरी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात. त्यात पालघट देवी विराजते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी हे चित्रविश्व कागदावर आणले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आज त्याच आकृती साड्या-कुर्त्यांवर यंत्राने छापल्या जातात. इतरांसारखे दिसावे, तरी वेगळेही भासावे, या दुहेरी ओढीतून फॅशन जन्मते, असे जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९०४ सालीच दाखविले होते. शहरी ग्राहकाला ते वेगळेपण या भिंतीवर गवसले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले खरे; पण छापील कापडाच्या किमतीतील किती वाटा पाड्यावर पोहोचतो? फॅशन उद्या दुसरीकडे वळेल. चौक रेखणाऱ्या हातांचे ऋण ग्राहकाने आजच ओळखावयास नको काय?