तप नव्हे, आजार : किशोरवयीन मुलांचा अन्नत्याग आणि उपचार

पर्युषण जवळ आले की घरातील मुलेही उपवासाचा, एकाशनाचा आग्रह धरतात. त्या भावनेचे कौतुक व्हावेच. परंतु पारणे होऊन गेल्यावरही एखादी मुलगी जेवण टाळू लागली, वजन झपाट्याने उतरूनही स्वतःला लठ्ठच समजू लागली, तिची मासिक पाळी थांबली, तर वेळीच सावध व्हावे. हा ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ नावाचा गंभीर आजार असू शकतो. तो मुलग्यांनाही होतो. तपात अन्नावरील आसक्ती सुटते. या आजारात मन अहोरात्र अन्न आणि वजन यांतच गुंतून पडते.

प्रथम शरीर सावरावे लागते. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, भोवळ येऊ लागली, तर रुग्णालयात दाखल करणे आवश्यक ठरते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक असते. त्याने रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली वाढवतात.

धोका टळल्यावर मुख्य उपचार घरीच होतो. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात आईवडिलांना दोष दिला जात नाही. उलट त्यांनाच उपचारक मानले जाते. आरंभी काय व किती खायचे हे पालक ठरवतात आणि शेजारी बसून शांतपणे, पण ठामपणे जेवू घालतात. वजन सुधारल्यावर ही जबाबदारी हळूहळू मुलांकडे सोपवतात. शेवटी किशोरवयाच्या इतर प्रश्नांकडे वळतात. अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार संपल्यावर वर्षभराने या पद्धतीतील ४९ टक्के, तर वैयक्तिक मानसोपचार घेतलेल्यांपैकी २३ टक्के रुग्ण पूर्ण बरे आढळले. कुटुंबाला हे शक्य नसेल तेथे वैयक्तिक मानसोपचाराचा मार्ग असतोच. वजन वाढवणारे खात्रीचे औषध मात्र नाही. सोबत नैराश्य वा चिंता असल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात.

आपल्या घरांत खरी अडचण निराळीच असते. ‘आज माझा उपवास आहे’ असे मूल म्हणाले की आईचा वाढता हात थबकतो. अशा वेळी सोळाकारण भावनांतील ‘शक्तितस्तप’ आठवावे. तप शक्तीनुसारच करावयाचे असते. आजारी मुलाने उपवासाऐवजी स्वाध्याय करावा, सामायिक करावे. मूल ऐकत नसेल, तर ज्यांच्यावर त्याची श्रद्धा आहे अशा महाराजांना वा माताजींना वस्तुस्थिती सांगून त्यांच्याच मुखातून हे वदवावे.

आजार जितका जुना, तितका तो हट्टी होतो. म्हणून शंका येताच बालरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. अशा मुलासाठी वेळेवर वाढलेले ताट हेच औषध आहे.