पहिल्या आकड्याची जबाबदारी

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याने खर्चाच्या अंदाजाचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगून ठेवले आहे, असे आम्हांस वाटते. पेडण्याचा एखादा शहाणा गृहस्थ घर बांधावयास निघतो तेव्हा नकाशा हाती येईपर्यंत तो स्वस्थ बसत नाही. गेल्या दोनचार वर्षांत वाड्यावर ज्यांनी घरे बांधली, त्यांच्याकडे तो जातो आणि विचारतो : चिरे किती लागले, मजुरी काय पडली, आरंभी किती धरले होते आणि अखेरीस किती गेले? ह्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सरकार मात्र कोट्यवधी रुपयांच्या योजना हाती घेताना नेमका हाच प्रश्न विचारीत नाही. आणि विचारीत असेल तर त्याचे उत्तर लोकांपुढे ठेवीत नाही. आज आम्ही ह्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या गृहस्थाने जे केले त्यालाच पंडितांच्या भाषेत समाश्रयण म्हणतात. इंग्रजी शिकलेले त्यास रिग्रेशन म्हणतात. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज संशोधकाने आईबापांची उंची आणि मुलांची उंची ह्यांचा संबंध शोधताना हा शब्द रूढ केला. पुढे तीच रीत कारखान्यांच्या खर्चाला लागू झाली. पूर्ण झालेली अनेक कामे घ्यावयाची. प्रत्येकाची क्षमता आणि प्रत्यक्ष झालेला खर्च कागदावर टिंबांनी मांडावयाचा. आणि त्या टिंबांच्या गर्दीतून सर्वांना कमीत कमी अंतरावर ठेवणारी रेषा काढावयाची. नव्या कामाची क्षमता ठाऊक असली की ती रेषा त्याचा संभाव्य खर्च सांगते. परंतु त्याच वेळी टिंबे रेषेपासून किती दूरवर विखुरलेली आहेत हेही ती सांगते, आणि शहाण्याने रेषेइतकेच ह्या विखुरण्याकडे पाहावे.

खनिज तेल आणि वायू ह्यांच्या धंद्यात ह्या रीतीचा मोठा उपयोग होतो, कारण तेथे निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा हाती फारच थोडी माहिती असते. १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले. अशा ठिकाणी फलाट उभारावयाचा तर पाणी किती खोल, विहिरी किती, फलाटावरच्या यंत्रसामग्रीचे वजन किती, किनाऱ्यापर्यंत नळ किती लांबीचा आणि किती व्यासाचा, एवढ्याच गोष्टी आरंभी ढोबळ मानाने ठाऊक असतात. एकही नकाशा पुरा झालेला नसतो. तेव्हा जगात पूर्वी झालेल्या तशा कामांच्या अनुभवावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते. क्षमता दुप्पट झाली म्हणून खर्च दुप्पट होत नाही, तो सुमारे दीडपटच होतो, हा रासायनिक कारखान्यांतील १९४७ सालापासून प्रसिद्ध असलेला नियम अशाच अनुभवातून निघाला.

पण ह्या शास्त्राचे जाणकार स्वतःच्या मर्यादा लपवीत नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. खर्चाचे अंदाज करणाऱ्या अभियंत्यांची अमेरिकेतील संघटना अशा अंदाजांचे पाच वर्ग मानते. योजनेचे स्वरूप शेकडा दोनपर्यंतच निश्चित झालेले असते तेव्हाचा अंदाज तिने सर्वांत खालच्या, पाचव्या वर्गात टाकला आहे. हजार कोटी असा आकडा त्या वेळी निघाला, तर प्रत्यक्ष खर्च पाचशे कोटींवर थांबेल किंवा दोन हजार कोटींपर्यंत जाईल, इतकी मोकळीक त्या वर्गात गृहीत धरलेली आहे. म्हणजे आरंभीचा प्रामाणिक आकडा हा आकडा नसतोच; ती दोन टोकांमधली एक पट्टी असते.

आता आमच्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याकडे वळू. राजापूर तालुक्यात नाणार येथे वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना उभारावयाचा, त्यास तीन लाख कोटी रुपये लागतील, असे २०१८ साली जाहीर झाले. २०१९ साली लोकांच्या विरोधामुळे नाणारची जागा सोडण्यात आली. पुढे त्याच तालुक्यातील बारसूचे नाव आले, आणि तेथील सड्यावर मातीची तपासणी सुरू झाली ती २०२३ च्या एप्रिलात, तीही पोलिसांच्या बंदोबस्तात. आकडा आधी लोकांच्या तोंडी बसला, माती मागाहून तपासली गेली. मग तो आकडा आला कोठून?

वाचकांनी स्वतःच एक हिशेब करून पाहावा. राजस्थानात नव्वद लाख टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याचा अंदाज प्रथम ४३,१२९ कोटी रुपयांचा होता. २०२३ साली तो ७२,९३७ कोटींचा करण्यात आला. ह्या एका उदाहरणावरून सहा कोटी टनांच्या कारखान्याचा खर्च काढू. जुना आकडा आणि वरील दीडपटीचा नियम धरला तर उत्तर येते सुमारे एक लाख पस्तीस हजार कोटी. सुधारलेला आकडा धरला तर तेच सव्वादोन लाख कोटींवर जाते. इतका मोठा कारखाना म्हणजे लहान कारखान्यांची रांगच, असे समजून सरळ प्रमाणात गुणिले तर पावणेपाच लाख कोटींच्याही पुढे! दोन कारखान्यांतील रसायनांचा भाग सारखा नाही आणि एका टिंबातून रेषा निघत नाही, हे उघडच आहे. आमचा हिशेब कारखान्याची किंमत सांगण्यासाठी नव्हे. एवढ्या थोड्या माहितीवर कोणताही एकच आकडा छातीठोकपणे सांगणे धाडसाचे कसे ठरते, हे दाखविण्यासाठी तो मांडला आहे. तीन लाख कोटी हा आकडा त्या पट्टीच्या आतच पडतो, हे खरे. पण लोकांना पट्टी दिसली नाही, आकडा तेवढा दिसला.

हे दूरचे झाले. आमच्या घरची उदाहरणे ह्याहून बोलकी आहेत. तिळारीचे धरण महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्यात आहे आणि त्याचे कालवे डिचोली, पेडणे व बार्देश तालुक्यांतून गेले आहेत. १९९० साली गोवा आणि महाराष्ट्र ह्यांच्यात करार झाला तेव्हा योजनेचा खर्च २१७ कोटींच्या आसपास धरला होता, आणि त्यात गोव्याचा वाटा शेकडा ७३ हून अधिक. तोच अंदाज पुढे वाढत वाढत सोळाशे कोटींच्या घरात गेला. सातपटीहून अधिक! महागाईचा भाग त्यात मोठा आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या कामात महागाई वाढणार हे भाकीत करावयास कोणा ज्योतिषाची आवश्यकता नव्हती. देशातील इतर धरणांची दप्तरे उघडली असती तरी ते कळले असते. आणि ज्यांची घरेदारे पाण्याखाली गेली त्या दोडामार्गच्या कुटुंबांचे पुनर्वसन आणि नोकऱ्यांची आश्वासने ह्यांचे काय? माणसांच्या ह्या देण्याला पहिल्या अंदाजात पुरेसे स्थान नसले, की पुढे वर्षानुवर्षे मोर्चे निघतात.

दुसरे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले तेव्हाचा अंदाज १,०४३ कोटींचा होता; १९९८ च्या २६ जानेवारीस मार्ग पूर्णपणे खुला झाला तोवर व्याजासह खर्च साडेतीन हजार कोटींवर गेला होता. ह्या मार्गाने सर्वांत अधिक कोणी छळले असेल तर आमच्या पेडण्याच्या बोगद्याने. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पण आत मऊ, पाण्याने भिजलेली माती. खणावे आणि ती कोसळावी, असे पुनःपुन्हा झाले, माणसेही दगावली, आणि सबंध मार्ग ह्या एका तुकड्यासाठी खोळंबून राहिला. २०२० च्या ऑगस्टात त्या बोगद्याची भिंत ढासळली, २०२४ च्या जुलैत आत पाणी शिरून गाड्या अडल्या. कठीण खडकातल्या बोगद्यांच्या अनुभवावरून काढलेली रेषा पेडण्याच्या मातीला लागू पडत नाही, हा धडा त्या डोंगराने शिकविला आहे. समाश्रयणाचा पहिला नियमच हा की, ज्या जातीची कामे तुमच्या यादीत नाहीत, त्यांविषयी तुमची रेषा मुकी असते.

ह्यावर एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. खरा आकडा आरंभीच सांगितला असता तर कोकण रेल्वे झालीच नसती, तिळारीचे पाणी आज चांदेल आणि अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांपर्यंत पोहोचलेच नसते, असे म्हणणारे लोक आहेत. कोकण रेल्वेने ह्या किनाऱ्याचे जीवन बदलले, ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु फसवून करून घेतलेले चांगले काम हे लोकशाहीत धोक्याचे उदाहरण होय. आकडा लहान सांगितला की योजनेला मंजुरी मिळते. मंजुरी मिळाली की माघार नाही. मग अपुऱ्या निधीत दहा कामे एकदम रखडतात, कालव्याचे तोंड होते पण शेपूट होत नाही, आणि शेपटाकडचा शेतकरी वाट पाहत म्हातारा होतो. शिवाय ज्या योजनेचा आकडा खरा सांगितला ती मागे पडते आणि खोटा सांगितला ती पुढे जाते. बेंट फ्ल्युबर्ग ह्या डॅनिश अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह २००२ साली जगभरच्या २५८ वाहतूक-योजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहांपैकी नऊ योजनांत खर्च कमी धरला होता, आणि सत्तर वर्षांत ह्या चुकीत सुधारणा झालेली नव्हती. चूक निव्वळ अज्ञानाची असती तर ती कधी ह्या बाजूला, कधी त्या बाजूला झाली असती. ती नेहमी एकाच बाजूला होते, ह्याचा अर्थ वाचकांनी लावावा.

उपाय अवघड नाही. गोवा सरकारने गेल्या साठ वर्षांत पूर्ण झालेल्या प्रत्येक मोठ्या कामाचा पहिला अंदाज, सुधारलेले अंदाज आणि अखेरचा खर्च ह्यांची एकच वही करून ती लोकांस खुली करावी. पूल, कालवे, पाण्याचे नळ, रस्ते, आणि आता उत्तर गोव्यात घराघरांत जाऊ लागलेल्या नैसर्गिक वायूच्या वाहिन्या, ह्या सर्वांच्या नोंदी तीत असाव्यात. अर्ध्यात सोडलेली कामेही वगळू नयेत. केवळ यशस्वी कामांवरून काढलेली रेषा नेहमी गोड बोलते. नवी योजना विधानसभेपुढे येईल तेव्हा एक आकडा नव्हे, तर खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे द्यावेत. ते कोणत्या सालच्या किंमतींचे आहेत आणि कोणत्या झालेल्या कामांवरून काढले आहेत हे सांगावे. आणि विस्थापितांचे देणे वेगळ्या रकान्यात दाखवावे. वरचा आकडा पाहूनही जी योजना आमदारांस हवीशी वाटेल, तिला त्यांनी खुशाल हात वर करावेत.

१९६१ साली मुक्त झालेल्या ह्या भूमीतील नागरिकाला आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तो अधिकार काम संपल्यावर लेखापरीक्षकाच्या अहवालात मिळून उपयोग नाही. काम सुरू होण्यापूर्वी, नाही म्हणण्याची संधी असताना मिळाला पाहिजे. पेडण्याचा गृहस्थ पहिला चिरा बसविण्यापूर्वी शेजाऱ्याकडे जातो, चिरे बसवून झाल्यावर नव्हे. सरकारने त्याच्याकडून एवढे शिकावे, इतकीच आमची मागणी आहे.