हायब्रीड, विजेची मोटार आणि आपले इथेनॉल



विजेच्या मोटारी वाढल्या तर आपल्या इथेनॉलचे काय, असे सभासद विचारतात. नवी गाडी घेणारे विचारतात, हायब्रीड म्हणजे नक्की काय? चाक फिरवणारी ताकद टाकीतून येते की प्लगमधून, एवढे पाहिले की दोन्हींचा उलगडा होतो.

१) माईल्ड हायब्रीड : गाडी ओढते ते इंजिनच. छोटी मोटर नुसता हातभार लावते, बैलगाडीला मागून रेटा द्यावा तसा.

२) स्ट्राँग हायब्रीड : इथे इंजिन आणि मोटर दोघेही चाक ओढतात. सुरुवातीला व गर्दीत मोटर, चढाला दोन्ही. उसाच्या गाडीला चढावर जादा बैलजोडी जुंपतो, तसेच हे. ब्रेक दाबला की मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. प्लग लावावा लागत नाही. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये आणलेली प्रियस याच जातीची.

३) सिरीज हायब्रीड : इंजिन फक्त जनरेटर फिरवते, चाक फिरवते मोटरच. निसानने २०१६ मध्ये जपानमध्ये अशी नोट मोटार काढली.

४) प्लग-इन हायब्रीड : बॅटरी मोठी. घरी चार्ज करावी, जवळच्या फेऱ्या विजेवर, लांबच्या इंजिनावर.

५) पूर्ण विजेची : टाकी नाही, इंजिनही नाही.

आता हिशेब बघा. पेट्रोलच्या पहिल्या चारही प्रकारांत मिश्रणातून इथेनॉल जाते, पण इंधन वाचते म्हणून गाडीमागे कमी. पाचव्यात थेंबही नाही. मात्र दुसरी बाजूही आहे. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेज घटते. हायब्रीडमुळे ती तूट बरीच भरून निघते. ब्राझीलमध्ये टोयोटाने २०१९ साली निव्वळ इथेनॉलवरही चालणारी हायब्रीड कोरोला आणली. आपल्याकडे दिल्लीत ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रीड इनोव्हाचा नमुना दाखवला गेला.

विजेची गाडीही आपल्याला अगदीच परकी नाही. सहवीज प्रकल्प असलेले कारखाने बगॅसची वीज ग्रीडला विकतात. म्हणजे उसाला दोन्ही दारे आहेत. एकाच दारावर विसंबू नये, एवढेच आमचे सांगणे.

गाडी घेणाऱ्यांनी मात्र रोजची धाव, आणि गाडी उभी राहते तिथे भरवशाची वीज आहे का, हे आधी पाहावे. शोरूममधली चकाकी नंतर.