लघवी मोजणारे यंत्र कधी फसते?

लघवी अडली, थेंब-थेंब होऊ लागली किंवा लघवी करूनही मोकळे वाटत नसले, तर मूत्राशयात किती लघवी उरली आहे हे डॉक्टरांना पाहावे लागते. त्यासाठी आता पुष्कळ इस्पितळांत एक लहान यंत्र ओटीपोटावर टेकवतात. त्रास काहीच होत नाही आणि क्षणात आकडा दिसतो. पण हा आकडा कधीकधी साफ चुकतो. तो का चुकतो, हे समजून घेणे हिताचे आहे.

हे यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडते व परत येणारा प्रतिध्वनी टिपते. मांसातून प्रतिध्वनी येतो, पाण्यातून येत नाही. जेथून प्रतिध्वनी येत नाही ती जागा म्हणजे लघवीची पिशवी, असे धरून यंत्र तिचे माप काढते. परंतु ते पाणी कोणाचे, हे यंत्राला कळत नाही. अंडाशयात पाण्याची मोठी गाठ असली, जलोदराने पोटात पाणी साठले असले किंवा स्त्री गरोदर असली, तर तेही पाणी लघवी म्हणून मोजले जाऊ शकते. मग पिशवी जवळजवळ रिकामी असूनही आकडा ५००-६०० मिलीलिटर येतो.

गर्भाशयातील मांसल गाठींची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या पिशवीला दाबतात, वाकडी करतात किंवा बाजूला ढकलतात. साध्या सोनोग्राफीत पिशवीची लांबी, रुंदी व खोली गुणून त्याला ०.५२ ने गुणतात. १०, ८ व ७ सेंटिमीटर असेल तर सुमारे २९० मिलीलिटर. हा हिशेब अंड्यासारख्या आकाराला लागू पडतो. दबलेल्या पिशवीला तो नीट लागू पडत नाही, म्हणून आकडा कमी किंवा जास्त येतो.

यात दोन धोके आहेत. एक, गरज नसता वारंवार नळी घातली जाते व तिच्यातून जंतू आत शिरतात. दुसरा धोका मोठा आहे. लघवीचाच आजार समजून औषधे चालू राहतात आणि खरी गाठ तशीच वाढते. अंडाशयाची गाठ क्वचित कर्करोगाचीही असते, विशेषतः पाळी गेल्यानंतर.

खूण सोपी आहे. यंत्र ६०० सांगते आणि नळीतून ६०च निघते, किंवा पिशवी रिकामी केल्यावरही यंत्र तोच आकडा दाखवते व पोट फुगलेलेच राहते, तर उरलेले पाणी लघवी नसण्याची शक्यता असते. अशा वेळी ओटीपोटाची पूर्ण सोनोग्राफी करून द्यावी, अशी डॉक्टरांना विनंती करावी. पूर्वीची गाठ, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास तपासणीआधीच सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र यंत्र चुकते म्हणून नळीला सरसकट नकार देऊ नये. मोठी गाठ खरोखरच लघवी अडवू शकते. ओटीपोट दुखत असून लघवी मुळीच होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्वरित इस्पितळ गाठावे. तसेच पोट फुगणे, भूक मंदावणे व वारंवार लघवी लागणे हे दोन-तीन आठवडे टिकले, तर शेतीचे काम आटोपण्याची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.