पाकिटावरचं बारीक अक्षर



माझ्या सासूबाई बीपीची गोळी दिवसाआड घ्यायच्या, तीही अर्धी तोडून. घरात कोणालाच पत्ता नव्हता. मला आपलं वाटायचं, या वेळी पाकीट बरंच पुरलं! मग एका ज्येष्ठात सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. उशाखाली तोडलेल्या गोळ्या सापडल्या. शेजारणीजवळ त्या बोलल्या होत्या, "गोया सरन्यात वं माय, आते पैसा कथाईन आणू?" आम्हाला नाही बोलल्या. कापसाचे पैसे येतात दिवाळीच्या मागेपुढे आणि पेरणीच्या तोंडावर घर रिकामं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. लकव्यावर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात कितीतरी वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

म्हणून आज गोळी न सोडता तिचा खर्च कसा कमी करायचा, ते बोलू.

घरातलं एखादं गोळ्यांचं पाकीट हातात घ्या. मोठ्या अक्षरात आहे ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. उदाहरणार्थ, बीपीच्या पुष्कळ पाकिटांवर 'अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम', शुगरच्या पाकिटांवर 'मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम'. बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतं, तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा. शिरपुरात तर औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेजच आहे. गावातली एखादी पोरगी तिथं शिकत असेल, तर तिला गटाच्या बैठकीला जरूर बोलवा. ते बारीक नाव आणि आकडा वहीत लिहून ठेवा. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही नावं, दोन्ही आकडे. तेच औषध दहा कंपन्या दहा नावांनी आणि दहा भावांनी विकतात.

ते स्वस्त मिळायची जागा म्हणजे जनऔषधी केंद्र. ही सरकारी योजना २००८ साली सुरू झाली. सरकार औषधं घाऊक विकत घेतं, जाहिरातीचा खर्च नसतो, म्हणून भाव उतरतो. बाजारभावापेक्षा ५० ते ९० टक्के कमी, असं सरकार सांगतं. माल दुकानात जाण्याआधी प्रयोगशाळेत तपासला जातो. गोळीचा रंग आणि आकार वेगळा दिसला म्हणून घाबरू नका, बारीक नाव आणि आकडा जुळवून बघा. जवळचं केंद्र कुठं आहे हे १८००-१८०-८०८० या फुकटच्या नंबरवर विचारता येतं. आणि हो, तिथं 'सुविधा' नावाचे पॅड एक रुपयाला एक मिळतात. पोरींना सांगा.

आता एक फसगत. साध्या मेडिकलवर जाऊन नुसतं "जेनेरिक द्या" म्हटलं की काम झालं, असं समजू नका. काही जेनेरिक पाकिटांवरही छापील किंमत भरमसाठ असते. दुकानदाराला ते पाकीट फार कमी भावात पडलेलं असतं आणि मधला फायदा त्याच्याकडेच राहतो. म्हणून भाव विचारा, दुसऱ्या दुकानाशी ताडून बघा आणि पक्कं बिल घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त कोणीच मागू शकत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं असेल, तर दुकानदारानं आपल्या मनानं दुसरी गोळी द्यायची नसते. तेव्हा बोलायचं ते डॉक्टरांशीच. "डॉक्टरसाहेब, ही गोळी रोजची आहे. जनऔषधीत मिळेल असं मूळ नाव लिहून द्या." यात लाजायचं काही नाही. औषधाचं मूळ नाव लिहावं, तेही वाचता येईल अशा अक्षरात, असं डॉक्टरांच्या नियमातच आहे. फिट, थायरॉईड आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

त्याहून स्वस्त म्हणजे फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध, कशाचेच पैसे घेत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय त्यातच आलं. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथं मिळतात. कधी "साठा नाही, बाहेरून आणा" असं ऐकावं लागतं, हेही खरं. तेव्हा मूळ नावाची चिठ्ठी मागा आणि साठा कधी येणार ते आशाताईंकडून कळवून घ्या.

आता आपल्याच सवयीबद्दल थोडं. अंग दुखलं की सलाईन, थकवा आला की टॉनिकची बाटली! ज्याला तोंडानं खाता-पिता येतं, त्याला सलाईननं वेगळी ताकद येत नाही. त्यात असतं पाणी आणि मीठ किंवा साखर. एका सलाईनच्या पैशात जनऔषधीतून बीपीची कितीतरी दिवसांची गोळी येते. मी स्वतःही मजुरीचे पैसे सलाईनमध्ये घातलेत, म्हणून सांगते. शेजारणीची गोळी घेणं, बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक मधेच सोडणं, यानंही पैसा वाचत नाही. आणि सावकाश विरघळणारी गोळी तोडून घेतली, तर तिचं सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. महिन्याच्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत सगळ्या जणी चिठ्ठी आणि रिकामं पाकीट आणतात. पाळीनं एक जण शिरपूरला जाते आणि सगळ्यांच्या गोळ्या आणते. आठ जणींचं एसटीचं भाडं एकीच्याच भाड्यात भागतं. प्रत्येकीचं बिल वेगळं, पिशवी वेगळी, पिशवीवर नाव. जिचे पैसे कमी पडतात, तिला गट महिनाभर उसने देतो. सासूबाई आता काठी टेकत बैठकीला येतात आणि पाकिटातल्या गोळ्या मोजायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं आहे. कोणाच्या पाकिटात जास्तीच्या गोळ्या उरलेल्या दिसल्या, की त्या लगेच विचारतात, "काय वं, या कशा उरल्या?"