अवयव बरोबर आहेत का? मामाला विचारू नकोस, गुणून बघ!

आजच्या भागात थोडी आकडेमोड आहे, आणि ती नुसती कानानं ऐकून डोक्यात राहत नाही. म्हणून हा भाग इथे लिहूनही देतोय. बसमध्ये असाल तर ऐका, घरी पोचलात की वही-पेन घेऊन एकदा वाचा.

सुरुवात माझ्या भाचीपासून. नववीत आहे. मध्यंतरी तिचा फोन आला, "मामा, मी ठरवलंय. दहावीनंतर आर्ट्स." म्हटलं, "छान! काय शिकायचंय?" तर म्हणे, "काहीही चालेल, फक्त बहुपदी नको."

आर्ट्स आवडीनं घेतलं तर मला आनंदच आहे. पण एका धड्याला घाबरून पुढची वाट ठरवायची, हे काही पटेना. म्हटलं, उत्तरपत्रिकेचा फोटो पाठव.

पहिलीच लाल फुली इथे होती: (अ + ब)² = अ² + ब².

ही चूक मीही केलीय, तुम्हीही केली असेल. तिला म्हटलं, अक्षरं बाजूला ठेव, आकडे घाल. अ म्हणजे ३, ब म्हणजे ४. डावीकडे ७ चा वर्ग, ४९. उजवीकडे ९ अधिक १६, म्हणजे २५. मग २४ गेले कुठे?

कागदावर ७ बाय ७ चा चौरस काढा. दोन्ही बाजूंना ३ आणि ४ अशी खूण करून रेघा मारा. चार तुकडे पडतात: एक ९ चा, एक १६ चा आणि १२ चे दोन. तिनं नेमके हेच दोन तुकडे सोडले होते. म्हणून सूत्रात मधे '२अब' येतं. ते पाठ करायची गरज नाही, ते चित्रात दिसतं.

बहुपदींचा गुणाकार म्हणजे एवढंच. पहिल्या कंसातल्या प्रत्येक पदानं दुसऱ्या कंसातल्या प्रत्येक पदाला गुणायचं, कुणालाही वगळायचं नाही. (क्ष + ३)(क्ष + ५) घ्या. चार गुणाकार होतात: क्ष², ५क्ष, ३क्ष आणि १५. सारखी पदं एकत्र केली की क्ष² + ८क्ष + १५.

आता गंमत बघा. क्षच्या जागी १० घाला. कंस झाले १३ आणि १५. उत्तर झालं १०० + ८० + १५ = १९५. आणि तेरा पंधरं किती? १९५! म्हणजे तिसरी-चौथीत आपण जो गुणाकार करत होतो, तोच हा. दहाच्या जागी क्ष आला, इतकंच.

आणि त्या क्षला घाबरायचं कारण नाही. भास्कराचार्य बाराव्या शतकात त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणतात. म्हणजे जेवढं असेल तेवढं. थोडक्यात लिहायचं तर नुसतं 'या'. माहीत नसलेल्या आकड्याला दिलेलं तात्पुरतं नाव, बस्स.

आता उलटा प्रवास. उत्तर दिलंय, कंस शोधायचे. यालाच अवयव पाडणं म्हणतात. वरच्या उदाहरणात १५ आले ३ आणि ५ च्या गुणाकारातून, ८ आले त्यांच्याच बेरजेतून. म्हणून अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार शेवटच्या पदाएवढा आणि बेरीज मधल्या सहगुणकाएवढी.

क्ष² − क्ष − १२ घेऊ. भाचीनं लिहिलं, (क्ष + ४)(क्ष − ३). आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, "मामा, बरोबर आहे का?" मी उत्तर दिलंच नाही. फक्त लिहिलं, "गुणून बघ." पाच मिनिटांनी मेसेज, "मधलं पद अधिक क्ष येतंय. चिन्ह उलटं झालं." मग तिनंच दुरुस्त केलं: (क्ष − ४)(क्ष + ३).

आजच्या भागात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अवयव पाडताना अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकतो. त्यात लाज कसली? पण तो तपासायला गुणाकार आपल्या हातात असतो, आणि गुणाकारात अंदाज नसतो. पुस्तकाच्या मागची उत्तरं नकोत, मामाही नको.

थोडं अवघड बघू: २क्ष² + ७क्ष + ३. इथे क्ष² च्या आधी २ आहे, म्हणून आधी २ गुणिले ३, म्हणजे ६. गुणाकार ६ आणि बेरीज ७ अशा संख्या ६ आणि १. मधलं पद फोडा: २क्ष² + ६क्ष + क्ष + ३. दोन-दोनची जोडी करा: २क्ष(क्ष + ३) + १(क्ष + ३). दोन्हीकडे (क्ष + ३) सामाईक आहे, तो बाहेर काढा: (क्ष + ३)(२क्ष + १). आणि हो, गुणून बघा!

पण हे सगळं कशासाठी? समजा एक खोली आहे. लांबी रुंदीपेक्षा २ फूट जास्त, क्षेत्रफळ १२० चौरस फूट. रुंदी क्ष धरली तर क्ष(क्ष + २) = १२०, म्हणजेच क्ष² + २क्ष − १२० = ०. अवयव पाडले की (क्ष + १२)(क्ष − १०) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असतेच. म्हणून क्ष एक तर −१२, नाहीतर १०. उणे बारा फुटांची खोली कुठे मिळणार? म्हणजे रुंदी १०, लांबी १२. आपली नेहमीची दहा बाय बाराची खोली!

भाचीचं आर्ट्सचं अजून नक्की नाही. तिला इतिहास खरंच आवडतो, असं आता कळतंय. तो तिनं जरूर घ्यावा. पण परवा तिचा पुन्हा एक फोटो आला. खाली "बरोबर आहे का?" असं नव्हतं. फक्त लिहिलं होतं, "मामा, बरोबर आलंय."

मी तपासलं नाही. तिनं तपासलं होतं.