दाबाचे आकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टायरमध्ये हवा भरणारा ‘बत्तीस’ म्हणतो, कॉम्प्रेसरवरचा कामगार ‘सात किलो’ सांगतो, हवामान खाते हेक्टोपास्कल देते आणि डॉक्टर ‘एकशेवीस-ऐंशी’ लिहितात. सगळे मोजतात ते एकच : ठरावीक क्षेत्रफळावर पडणारे बल. एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल म्हणजे एक पास्कल. हे नाव १९७१ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. तरीही जुनी एकके वापरातून गेली नाहीत, आणि रूपांतरातले घोळ तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : ‘सात किलो’ हे हवेचे वजन आहे.
वस्तुस्थिती : हा दाब आहे, दर चौरस सेंटिमीटरवर सात किलोग्रॅम-बल. मोटारीच्या टायरमध्ये ‘सव्वादोन किलो’ हवा भरली तरी आतल्या हवेचे वजन एक किलोही होत नाही.

गैरसमज : बार, ॲटमॉस्फिअर आणि ‘किलो’ एकच.
वस्तुस्थिती : तिन्ही जवळजवळ आहेत, सारखी नाहीत. १ बार म्हणजे बरोबर १,००,००० पास्कल, १ ॲटमॉस्फिअर १,०१,३२५ पास्कल आणि चौरस सेंटिमीटरला १ किलो म्हणजे ९८,०६६.५ पास्कल. टायरसाठी हा फरक सोडून देता येतो. पण सीएनजीची टाकी २०० बारपर्यंत भरतात, तिथे २०० ‘किलो’ म्हणजे १९६ बारच होतात. मापकाच्या अचूकतेची तपासणी करताना तर एवढी चूक चालतच नाही.

गैरसमज : मेट्रिक एकके आहेत, म्हणजे फक्त शून्ये मोजायची.
वस्तुस्थिती : पास्कलच्या कुटुंबात आणि बारमध्ये हे खरे आहे. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, १० बार म्हणजे १ मेगापास्कल. १ मिलिबार आणि १ हेक्टोपास्कल तर तंतोतंत सारखे, त्यामुळे वादळाच्या बातमीतला ९८० मिलिबारचा आकडा बदलावा लागत नाही. ‘किलो’च्या मापात मात्र गुरुत्वाकर्षणाचा ९.८०६६५ हा गुणक येतो, आणि पाऱ्याच्या मापात पाऱ्याची घनताही. पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १३३.३ पास्कल. म्हणून १२०/८० हा रक्तदाब किलोपास्कलमध्ये १६/१०.७ होतो.

गैरसमज : लघुरूपात ‘एम’ लहान काढला काय, मोठा काढला काय, सारखेच.
वस्तुस्थिती : लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. दोन्हींत १०० कोटी पटींचा फरक आहे. बांधकामातले एम-२० काँक्रीट २८ दिवसांनी २० मेगापास्कल, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, दाब सोसेल अशा बेताने केलेले असते.

गैरसमज : काटा शून्यावर आला, म्हणजे आत दाब नाही.
वस्तुस्थिती : नेहमीचा मापक बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. पंक्चर टायरमध्येही वातावरणाएवढा दाब असतो. प्रेशर कुकरमध्ये साधारण १ बार जादा दाब धरला, तर एकूण दाब २ बार होतो, आणि या एकूण दाबाला पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. वायूच्या नियमांत आकडे घालताना एकूण दाबच घ्यावा लागतो. रक्तदाबाचे १२० हेही वातावरणाच्या वरचेच आहेत.

रूपांतर करताना एक सोपी वाट धरावी : हातातला आकडा आधी पास्कलमध्ये आणावा, मग हव्या त्या एककात न्यावा. पंपावरचे ‘बत्तीस’ हे पीएसआय असतात आणि त्यातला १ पीएसआय सुमारे ६,८९५ पास्कलचा. ३२ ने गुणले की २,२०,६०० पास्कलच्या आसपास उत्तर येते, म्हणजे २.२ बार किंवा २.२५ ‘किलो’. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर २२० किलोपास्कल छापले असेल, तर तो हाच दाब आहे. नोंदवहीत दाब लिहिताना आकड्यापुढे एकक आणि तो मापकावरचा की एकूण, हे दोन्ही लिहा.